मार्गशीर्ष सुटला, खिमा आला

"सकाळी तुझ्या हातात काळी पिशवी दिसली. मटण की चिकन?"

काकींचे प्रश्न असे थेट असतात. आमच्या गिरगावच्या चाळीत त्यांच्या आणि आमच्या बिऱ्हाडाच्या मधे, गॅलरीत, कमरेएवढी लाकडी जाळी आहे. घातली असणार अडवायला, पण तिचा खरा उपयोग कोपर टेकायला. त्या जाळीवर आजवर दोन लग्नं जमली, एक मोडलं आणि चाळीच्या रिडेव्हलपमेंटच्या डझनभर अफवा जन्माला आल्या.

"खिमा आहे काकी. मटणाचा, अर्धा किलो."

"पाहुणे?"

"छे हो. मार्गशीर्ष सुटला, त्यात थंडी पडलीय. म्हटलं रात्री काहीतरी गरमागरम करावं."

"थंडी म्हणे! अठरा डिग्री झालं की तुम्ही कानटोप्या शोधता. थंडी होती ती 1962 सालची. 22 जानेवारी. कुलाब्याला 11.7 आणि सांताक्रूझला 7.4. शाळेत जाताना दात वाजत होते आमचे."

काकींचे यजमान वेधशाळेत नोकरीला होते, त्यामुळे हे आकडे त्या घरात परवचा म्हणावा तसे पाठ आहेत. हवामानाच्या विषयात त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही. मी बोलणं खिम्यावर आणलं.

"जाऊबाईंनी न्यू जर्सीहून फोटो पाठवलाय. मीटलोफ म्हणतात. तिकडे बर्फ पडायला लागला की रात्रीच्या जेवणाला हेच. खिम्यात पावाचा चुरा, अंडं, कांदा घालायचा, पावाच्या लांबट साच्यात भरायचं आणि तासभर ओव्हनमध्ये. वरून केचप फासायचं."

"वरून काय?"

"केचप."

काकींनी डोळे मिटून घेतले. कुणी गेल्याची बातमी ऐकल्यावर मिटतात तसेच.

"पण मला तसंच्या तसं नाही करायचं. ह्यांचा रिपोर्ट आलाय. कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टरांनी मटण बंद नाही केलं, पण चरबी कमी करा म्हणाले. म्हणून म्हटलं, जरा हलकं काहीतरी."

"वाढणारच. धोबीतलावला उतरून खिमा-पाव खाऊन घरी येतो तो."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? परवा तू शर्ट वाळत घातला होतास, त्याच्या बाहीवर लाल तेलाचा डाग होता. तो डाग इराण्याच्या खिम्याचा, धुतला तरी जात नाही. जाऊ दे, त्याला बोलू नकोस. आमचे हेसुद्धा तसेच. आणि हलका खिमा हवा तर त्यासाठी न्यू जर्सी गाठायला नको. भानोलं कर."

काकी पाठारे प्रभू. म्हणजे मुंबईचे अगदी जुने रहिवासी, आणि ही गोष्ट आम्हाला अधूनमधून ऐकवली जाते. जवळची खोताची वाडी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते दादोबा वामन खोतही पाठारे प्रभूच. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी तिथे जागा पाडून ईस्ट इंडियन कुटुंबांना विकल्या. एके काळी वाडीत साठाहून जास्त घरं होती, आता निम्मीही उरलेली नाहीत. टॉवरचा विषय निघाला की काकी हा हिशेब मांडतात आणि शेवटी हमखास स्वयंपाकावर येतात. "घरं गेली तर गेली, वाडीतल्या आंटीचा बॉटल मसाला तरी वाचायला हवा," हे त्यांचं मत. त्या आंटीकडून नाताळात पोटॅटो चॉप येतात आणि काकींकडून तिकडे भानोलं जातं. हा व्यवहार दोघींच्या सासवांपासून चालत आलाय.

हे भानोलं आम्हा लालबागच्या मुलींना लग्न होईपर्यंत माहीत नसतं. बारीक चिरलेला कोबी, त्यात कोळंबी, बेसन, आलं-लसूण आणि परभी सांबार मसाला. हा मसाला मद्रासी सांबाराचा नव्हे. त्यात धणे-मिरचीबरोबर गहू, चणाडाळ, मोहरी आणि हिंगही असतो. सगळं कालवून पसरट भांड्यात थापायचं, खाली निखारे, झाकणावर निखारे. वरखाली खमंग झालं की वड्या पाडायच्या. ओव्हन नसलेल्या घरात ओव्हनचं काम करून घ्यायची ही युक्ती. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' काकींच्या फडताळात आहे, बांधणी उसवलेलं, पानांना हळद लागलेलं. पण ते उघडून बघताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

"पण काकी, भानोलं कोळंबीचं ना?"

"कोळंबीचा आजचा भाव ऐकलास? खिम्याचंही होतं. ऐक. अर्धा किलो खिम्याला पाव किलो कोबी, एक गाजर किसून, दोन कांदे बारीक चिरून. म्हणजे काय झालं? निम्मी भाजी, निम्मा खिमा. ताटात वडी तेवढीच दिसते आणि मटण पोटात अर्धंच जातं."

हे ऐकताना मला आई आठवली. माझे वडील गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि आमच्याकडचं रविवारचं मटण आधी कमी झालं, मग पाव किलो खिम्यावर आलं. खाणारी माणसं आठ. आई त्यात चणाडाळ, बटाटा आणि हिवाळ्यात स्वस्त झालेले मटार घालायची, आणि ताटात खिमाच वाढलाय अशा थाटात वाढायची. अमेरिकेतही 1930 च्या मंदीत मीटलोफ घरोघर पोचला तो याच कारणाने. पावाचा चुरा घातला की थोडं मांस जास्त माणसांना पुरतं. आईला कोलेस्टेरॉल हा शब्दही ठाऊक नव्हता, पण तिच्या खिम्यावर तवंग कधी आला नाही. तवंग यायला चरबी परवडावी लागते.

काकींना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या, आणि मग म्हणाल्या, "तुझी आई शहाणी बाई. आता पुढचं लक्ष दे."

पुढचं असं. खाटकाकडून रानेचा खिमा घ्यायचा आणि डोळ्यांदेखत करून घ्यायचा, नाहीतर चरबीचे तुकडे त्यात जातातच. आलं-लसूण, हळद आणि मीठ लावून, तेल न घालता, झाकण ठेवून खिमा शिजवायचा आणि सुटलेलं पाणी आटवायचं. मग निवू द्यायचा. थंडीत मटणाचा रस्सा ताटाला कसा थिजतो ते आपण बघतोच. तशीच इथेही चरबी वर पांढरी थिजते. ती चमच्याने काढून टाकायची.

"सगळी?" मी विचारलं.

"चमचाभर ठेव. नवरा घरी जेवायला हवा ना?"

मग कोबी. त्याला आधी मीठ चोळून पाव तास ठेवायचं. पाणी सुटतं ते पिळून फेकायचं नाही. त्याच पाण्यात बेसन भिजतं आणि वड्या आतून मऊ राहतात. वरून एक थेंबही पाणी घालायचं नाही. बेसन चार मोठे चमचे, कोरडंच भाजून, म्हणजे कच्चट लागत नाही. एक अंडं, मूठभर कोथिंबीर, दोन हिरव्या मिरच्या, दीड चमचा सांबार मसाला.

इथे आमची जुंपली. माझी आई दर मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीत जाऊन मिरच्या निवडते, भाजून घेते आणि डंकावर समोर उभी राहून कुटून आणते. त्या मसाल्याचा डबा घरात असताना दुसरा मसाला का वापरायचा?

"तुझ्या मसाल्यात भाजी बुडते," काकी म्हणाल्या. "रश्श्याला तो उत्तम, माझं काही म्हणणं नाही. इथे खिम्याबरोबर कोबीही लागायला हवा. हिंग-मोहरीचा मसाला त्याला सांभाळून घेतो."

मी अर्धा अर्धा घालीन म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण नाराजीनेच.

एवढ्यात खालच्या मजल्यावरची सूनबाई वर आली. तिच्याकडे एअर फ्रायर आहे आणि तिच्या बोलण्यात प्रोटीन असतं. "काकू, चिकन ब्रेस्टचा खिमा घ्या ना. आणि बेसनाऐवजी ओट्स."

"चिकन ब्रेस्टचा चोथा होतो," काकी म्हणाल्या.

"कोबी घातलात तर नाही होणार," सूनबाई म्हणाली, आणि हे मात्र बरोबर आहे. चरबी कमी असलेला खिमा शिजताना आवळतो आणि आतलं पाणी सोडतो. मधे भाजी आणि पीठ असलं की ते पाणी धरून ठेवतात. अमेरिकेत पाव दुधात भिजवून घालतात तो त्याचसाठी. चिकनचा खिमा आधी न शिजवता कच्चाच कालवला तरी चालतो. फक्त तो मधोमध पूर्ण शिजायला हवा. अख्ख्या तुकड्यावर जंतू बाहेरून असतात, खिमा करताना तेच आतपर्यंत मिसळतात. जाऊबाईंकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे. त्या मटणाच्या खिम्याला 71 अंश आणि चिकनला 74 अंश बघतात. आमच्याकडे सुरी आहे. मधोमध खुपसायची, बाहेर येणारा रस गुलाबी नको आणि पातं हाताला चटका देणारं हवं.

भाजायचं कसं? ओटीजी असेल तर साच्याला तेलाचं बोट फिरवून, 180 अंशांवर 40 मिनिटं. नसेल तर जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेल, मिश्रण दोन बोटं जाड थापायचं, मंद आचेवर झाकून 20 मिनिटं, मग ताटलीवर उलटं करून दुसरी बाजू 10 मिनिटं. उलटताना शेजारीण हाताशी असलेली बरी. आणि काढल्या काढल्या कापायचं नाही. 10 मिनिटं थांबलं की वड्या सुबक पडतात, लगेच सुरी लावली की भुगा.

"ती दहा मिनिटंच कठीण," काकी म्हणाल्या. "तेवढ्यात घरातली माणसं कडा मोडून खातात."

"आणि सोबत काय करायचं?"

"गरम चपाती, कांदा, लिंबू. भात कशाला हवा? तुमच्या जाऊबाई काय घेतात?"

"बटाटा उकडून, लोणी घालून घोटतात."

"म्हणजे वडीतून काढलं ते बटाट्यातून आत!" काकी खूष झाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी खरी बातमी दिली. पहिल्या मजल्यावरच्यांनी बिल्डरच्या कागदावर सही केली म्हणे. गिरगावला मेट्रोचं स्टेशन झालं आणि आमच्या चाळीकडे बघणारे वाढले. नव्या घरात मॉड्युलर किचन, भिंतीत ओव्हन आणि दोन घरांच्या मधे पक्की भिंत. ओव्हन मिळेल, जाळी जाईल. यावर पुढचा अर्धा तास गेला, पण ते सगळं इथे छापण्यासारखं नाही.

भानोलं मी केलं. अर्धं घरी, पाव काकींकडे, पाव खाली सूनबाईंकडे. ह्यांनी चार वड्या खाल्ल्या आणि तेल कमी आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, आणि मी ते लक्षात आणून दिलं नाही. तुम्हीही देऊ नका. थंडी असेतो एकदा करून बघा. खिमा चिकनचा घ्या नाहीतर मटणाचा, मसाला माहेरचा घाला नाहीतर शेजारचा. भाजी निम्मी हवी, आणि केचप बाटलीतच राहू द्या.