टिचकीबहाद्दर

अमरावतीच्या इतवाऱ्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ मांडले गेले की आबासाहेब हजर. घ्यायचा असतो दुसऱ्याच कोणाला. आबांचं काम ठोकायचं. माठ कानाशी, डोळे मिटलेले, बोटाची टिचकी. ‘टण्ण’ झालं तर मान डोलते, ‘भद्द’ झालं की माठ खाली. “याले चीर हाये.”

“सकाळपासून तुमच्या टिचक्यायनंच गेली असंन, आबाजी,” कुंभारीण म्हणते. तिचं अगदीच खोटं नसावं.

नुसत्या आवाजावर मात्र आबा भुलत नाहीत. पाणी भरायचं, बाहेरून तळहात फिरवायचा. ओल लागली तरच पसंत, कारण पाझरलेलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. वरून ऑइलपेंट फासलेला माठ त्यांच्या लेखी शोभेचा. अकोल्याला मे महिन्यात पारा ४५च्या वर आणि हवा कोरडीठाक, म्हणून या भागात माठही चालतो, कूलरही. मुंबईच्या व्याह्यांकडे माठ गार होईना, तेव्हा दमट हवा हा आबांनी व्याह्यांचाच निष्काळजीपणा ठरवला.

खिशात जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक. लग्नात आहेराच्या डब्याला ते चिकटलं की आबा भर मांडवात जाहीर करतात, “लोखंड!” बिचारा डबा स्टीलचाच असतो, फक्त निकेल नसलेल्या स्टीलचा. उलट निकेलऐवजी बरंचसं मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. पण हे आबांना सांगायचं कोणी?

खरे आबा पाहायचे ते कापसाच्या बाजारात. गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळातला कापूस काढतील. सरकी दाताखाली ‘कट्’ फुटली तर माल वाळलेला, दबली तर ओला. पूर्ण हमीभावाला ओलावा ८ टक्क्यांच्या आत लागतो, १२च्या वर सरकारी खरेदीत माल घेतच नाहीत. मशीनचा आकडा यायच्या आत आबांचा निकाल लागलेला असतो. मग दोन्ही अंगठ्यांत पुंजका धरून ओढायचा, एकावर एक ठेवायचा, परत ओढायचा, धागे सरळ झाले की नखाशी लावून म्हणायचं, “तीस मिलीमीटर.” इथे मात्र मी त्यांना हसत नाही. त्या बोटांना पट्टी लागत नाही.

पण गर्व झालाच. “कापूस पान्याहून हल्का,” असं ते बोलून गेले आणि इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने गिल्या वड्याची पैज लावली. आबांनी सरकी काढलेला पुंजका बादलीत टाकला, तरंगला. पुतण्या म्हणाला, “आबाजी, तो धाग्यावरचं मेण अन् आत अडकलेली हवा तरंगवते. धागा सोता पान्याच्या दीडपट जड हाये.” त्याने मेडिकलमधून पट्टीचा, मेण धुऊन काढलेला कापूस आणला होता. तो टाकला. दहा सेकंदांच्या आत तळाशी.

आबा बादलीवर वाकले. ओला गोळा काढला, पिळला, हुंगला, दाताखालीही धरला.

“कायचा कापूस होय हा? याले सरकीच नाई. मेडिकलवाल्यानं पोराले फसवलं,” म्हणाले आणि वड्यांचे पैसे पुतण्यालाच द्यायला लावले.