बंदोबस्तवाले गृहस्थ

कुलपावर ज्याचा विश्वास नाही आणि कुलपावाचून ज्यास निद्रा नाही, असा एक तरी सद्गृहस्थ प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी वास्तव्यास असतोच. गडचिरोलीच्या वाट्यास आलेले गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून, 1982 साली चांद्याहून हा जिल्हा अलग झाला तेव्हा दप्तराचे गठ्ठे मोजून ताब्यात घेणाऱ्यांत आपण होतो, याचे इतरांस विस्मरण होऊ नये अशी तजवीज ते नित्य करीत असतात. त्यांच्या जुन्या मोटारीस कारखान्याचे कुलूप आहे, सुकाणूस दांडा आहे, गिअरला साखळी आहे. आणि इतक्यानेही चित्त स्वस्थ होईना म्हणून नागपुराहून आणलेला गजर आहे, जो आलापल्लीच्या मुक्कामी सुरजागडच्या खनिजाचे ट्रक जाऊ लागताच त्यांच्या हादऱ्याने रात्रभर आक्रोश करीत राहिला.

परंतु मनुष्याची तृष्णा अमर्याद! दोन्ही हातांत पिशव्या असता खिशातील रिमोटची कळ दाबून डिकी आपोआप उघडावी, असे त्यांच्या मनाने घेतले. मिस्त्रीने सीटखालील तारेच्या खटक्यास मोटर जोडली आणि मध्ये रिले बसवला. कारण गजराच्या पेटीतून निघणारा डिकीचा इशारा इतका क्षीण असतो की मोटरीचा भार थेट त्यावर टाकल्यास पेटीच जळावी. म्हणून रिलेच्या 85 व 86 या टोकांना केवळ हुकूम पोचतो, आणि त्याची तामिली 30 कडून 87 कडे, बॅटरीपासून फ्यूजमार्गे आलेला जाड प्रवाह करतो. मामलेदाराने सही करावी आणि कोतवालाने धावावे, हा कारभार गृहस्थांस तत्काळ उमगला. आयुष्यात प्रथमच विजेचे शास्त्र आपणांस कळले, असे ते म्हणाले.

घोटाळा निराळाच झाला. डिकीच्या दिव्याचे बटण गजराच्या पहाऱ्यात असल्याने, मालकाच्याच आज्ञेने डिकी उघडली तरी पेटीस ती घरफोडी वाटते आणि भोंगा गल्ली दणाणून सोडतो. त्यातून जिल्हा 1993 पासून दारूबंदीचा. शेजारच्या चंद्रपुरात 2015 साली लागू झालेली बंदी 2021 मध्ये उठल्यावर तर वैनगंगा ओलांडून येणाऱ्या प्रत्येक डिकीविषयी लोकांस स्वाभाविक कुतूहल. अशा मुलखात ज्याची डिकी उघडताच शंखध्वनी होतो, त्याच्या चारित्र्याविषयी कोणते तर्क केले जात असतील, हे सांगावयास नको. पोलिसांनी एकदा नाक्यावर कसून झडती घेतली, तो आत स्टेपनी, तांदळाचे पोते आणि सुकवलेले झिंगे निघाले. मुद्देमालाच्या वासाने जमादारच दोन पावले मागे हटले.

‘‘साहेब, डिकी उघडली का पेटीले वाटते चोर आला, तिले आधी सांगा लागते ना,’’ असे म्हणून मिस्त्रीने, डिकी उघडी असेपर्यंत त्या बटणाची तार तोडून ठेवणारा दुसरा रिले सुचवला. खर्च किरकोळ, काम दुपारभराचे. गृहस्थांनी तो प्रस्ताव साफ नामंजूर केला : पहारेकऱ्यास गप्प राहावयास शिकवणे हे त्यांच्या मते बंदोबस्ताच्या मूलतत्त्वांशीच विसंगत. सांप्रत त्यांनी नागपुरास याहून मोठ्या आवाजाच्या भोंग्याची मागणी नोंदवली असून, त्यांच्या आळीत घर भाड्याने घेऊ इच्छिणाऱ्यांनी ही गोष्ट करारापूर्वी ध्यानात घ्यावी.