‘पार्ट आला की कळवतो’ म्हणणाऱ्या साहेबांस

मा. सेवाप्रमुख,
फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन व मोबाइल बनवणाऱ्या तमाम कंपन्या



पत्रास कारण की, तुमचं अभिनंदन करायचं राहून गेलं होतं. वॉरंटी नाकारली तर ग्राहक भांडतो, पैसे मागितले तर आरडाओरडा करतो. पण ‘दुरुस्ती फुकटच आहे, फक्त पार्ट यायचाय’ म्हटलं की तो आभार मानून घरी जातो. नकार दिलेलाच नाही, तर तक्रार कसली करणार? इकडे वर्षभराच्या वॉरंटीतले दोन-अडीच महिने वस्तू तुमच्याच मांडणीवर धूळ खात पडली, तरी हिशेबात वर्ष पुरतं भरतं, कारण दुरुस्तीमुळे मुदत वाढणार नाही हे कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. उशिराचा सगळा भुर्दंड ग्राहकाला. ऐन मे महिन्यात अकोल्यात फ्रिज बंद पडला तर रोजचं नासणारं दूध त्याचं, बर्फाचा खर्च त्याचा. तुमच्या खात्यात मात्र वॉरंटीचे तेवढे दिवस जमा. तुमच्या मनात पाप आहे असं मी म्हणत नाही. उशिरानं ज्याचं काहीच जात नाही, तो घाई करत नाही, इतकंच.

कागदपत्रांची कला तर याहून सरस. जॉब शीटवर ‘काचेवर ओरखडे’, ‘डाव्या कोपऱ्याला पोचा’ हे सगळं टिपून खाली ग्राहकाची सही घेतली जाते. वस्तू परत कधी मिळणार, तो रकाना तेवढा कोरा. घरी येणारा तंत्रज्ञ मागचं झाकण उघडतो, मोबाइलवर फोटो काढतो, पार्ट मागवावा लागेल म्हणतो आणि निघताना हळूच विचारतो, ‘ताई, तेवढा कोड सांगता का? नाहीतर कॉल ओपन राहतो.’ त्या कोडाला काही ठिकाणी ‘हॅपी कोड’ म्हणतात, हा विनोद तुमचाच; मी फक्त नोंद घेतो. कोड दिला की संगणकाच्या लेखी तक्रार मिटली. पुढच्या फोनला नवा क्रमांक, नवी तारीख. (त्या पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. वरून कॉल बंद करण्याचा तगादा असतो, पार्ट त्याच्या हातात नसतो.)

तारखांशी एवढा खेळ कशासाठी, हे कायदा वाचल्यावर कळतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूतला दोष चाचणीशिवाय ठरत नसेल, तर ग्राहक आयोग ती प्रयोगशाळेत पाठवतो. मग तुमचा तज्ज्ञ सांगणार की व्होल्टेज कमी-जास्त झालं, पाणी गेलं, ग्राहकानं नीट वापरलं नाही. उशिराच्या बाबतीत ही पळवाट नाही. वॉरंटीतली दुरुस्ती म्हणून वस्तू ठेवून घेतलीत, तेव्हाच ती जबाबदारी तुम्ही पत्करलीत; ती पार पाडायला किती वेळ लावला हे सांगायला दोन तारखा पुरतात. सेवेतली त्रुटी तिथेच दिसते, आणि वस्तू बदलून देणं, व्याजासह किंमत परत करणं, भरपाई देणं हे सगळे आदेश आयोगाला देता येतात. म्हणून ग्राहकानं जॉब शीट जपावी आणि काम पुरं झाल्याशिवाय कोड देऊ नये. दाव्याची दोन वर्षांची मुदतही वाट पाहण्यातच सरत असते.

तुम्ही म्हणाल, पार्ट परदेशातून येतो, आम्ही काय करणार? पण तो कुठून येतो हे वस्तू विकतानाही तुम्हाला ठाऊक होतं, आणि पार्टअभावी नवा माल दुकानात यायचा थांबलेला नाही. शिवाय, पाळली जाण्याची वाजवी शक्यता नसलेलं दुरुस्तीचं आश्वासन देणं, ही याच कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सेवा केंद्र फ्रँचायझीचं आहे म्हणाल, तर वॉरंटी कार्डावर नाव कोणाचं आहे ते पाहा. कायद्यात दुरुस्तीचे दिवस ठरवून दिलेले नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. कॅलिफोर्नियात ते ठरलेले आहेत: वॉरंटीतली दुरुस्ती साधारणपणे ३० दिवसांत, आणि वस्तू दुरुस्तीत असेल तेवढी वॉरंटी पुढे सरकते. आपल्याकडेही वॉरंटीची मुदत दगडावरची रेघ नाही. वॉरंटी खरेदीऐवजी वस्तू बसवल्याच्या दिवसापासून धरा, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२४ मध्ये कंपन्यांना सुचवलं होतंच. सुरुवात सरकवता येते, तर मधले दिवस वगळायला कोणती अडचण आहे?

उरला तुमचा खरा भरवसा: वीस हजारांच्या फ्रिजसाठी आयोगाच्या पायऱ्या चढतो कोण? तो अगदीच खोटा नाही. चाचणी लागत नसेल तर तीन महिन्यांत, लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात. याबाबतीत आयोगांनी तुमचा कित्ता गिरवलेला दिसतो. तरी पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला दाव्याचं शुल्क नाही, दावा ऑनलाइन भरता येतो, वकील सक्तीचा नाही, आणि तुमचं मुख्यालय गुरुग्राममध्ये असलं तरी ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तो दाखल होतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ती थेट कंपनीकडे पोचते आणि बऱ्याचदा न सापडणारा पार्ट सापडतो.

तेव्हा जॉब शीटवर तारीख घालायला सुरुवात करा, आणि वस्तू तुमच्याकडे असेल तेवढे दिवस वॉरंटीत वाढवून तसा शिक्का कार्डावर मारून द्या. हे जमणार नसेल तर ‘फुकट दुरुस्ती’च्या जाहिरातीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘सवडीनुसार’ एवढं जोडा.

आपला,
बिल जपून ठेवणारा एक ग्राहक