गळाला लागलेले गृहस्थ

अलास्कातल्या होमर गावाहून मुलाचा फोटो आला, तेव्हा प्रस्तुत लेखक एरंडोलात पंख्याखाली कळण्याची भाकरी आणि ठेचा खात होता. मे महिना, बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. फोटोत लोकरी टोपी घातलेला मुलगा, आणि शेजारी आकड्याला टांगलेला, जवळपास त्याच्याच उंचीचा हॅलिबट. खाली एवढंच: ‘नाना, चार्टर बोट.’

पत्नीनं फोटो मोठा करून मुलाचे गाल पाहिले. ‘बसलेत,’ म्हणाली. लेखकानं मासा पाहिला आणि घास तिथंच अडकला.

मुलानं बापाच्या पुढं जावं, असं लेखकानं निरोपसमारंभांतून अनेकदा सांगितलेलं आहे. पण ते पगाराबद्दल. अंजनीकाठच्या माणसाला, जिची रेतीच जास्त दिसते त्या नदीच्या काठच्या माणसाला, पोरानं मासे धरून दाखवावेत? रात्रभर मोबाइल चाळल्यावर शोध लागला की आपल्या समुद्रातही एक हॅलिबट आहे. मराठीत त्याला भाकस म्हणतात. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर घोषणा झाली: ‘आपण भाकस धरणार, भो!’ 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, म्हणून घाई. गळाची काठी मागवली. गच्चीवर सरावात पहिल्याच फेकीला शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले बिबडे धोतरासकट आले. त्या दिवसापासून काकू लेखकाशी बोलत नाहीत, नुसतं बघतात.

इथं माशाच्या डोळ्याविषयी सांगायलाच हवं. हॅलिबट जन्मतो तेव्हा चारचौघांसारखाच असतो, दोन बाजूंना दोन डोळे. वाढता वाढता एक डोळा कपाळावरून सरकत पलीकडे जातो, आणि मासा आडवा होऊन तळाच्या वाळूत पडून राहतो. सेंट जॉर्ज मायव्हर्ट नावाच्या गृहस्थानं यावरूनच डार्विनला धारेवर धरलं होतं: अर्ध्या वाटेवरच्या डोळ्याचा माशाला उपयोग काय? आपल्या ग्रंथाच्या 1872च्या आवृत्तीत डार्विनला सविस्तर उत्तर द्यावं लागलं. तसा अर्ध्या वाटेवरचा डोळा खरोखर दाखवणारे इटलीतले जीवाश्म मॅट फ्रीडमन यांनी ओळखले ते 2008 साली, आणि ते संग्रहालयांत आधीपासून पडून होते! आपल्या भाकसाची तर गंमतच. त्याचा डोळा आजही डोक्याच्या कडेपर्यंतच पोचतो, आणि हा मासा दोन्हीपैकी कुठल्याही कुशीवर पडलेला सापडतो. हे सगळं लेखकानं मालवणला निघताना एसटीत शेजारच्या प्रवाशाला सांगितलं. प्रवासी पारोळ्यालाच उतरला. तिकीट त्याचं धुळ्याचं होतं. पत्नी अनुभवानं आधीच पुढच्या बाकावर जाऊन बसली होती.

एरंडोल म्हणजेच बकासुराची एकचक्रानगरी, असं गाव मानतं. पत्नीनं बांधलेली शिदोरी पाहता गाडाभर अन्नाची प्रथा अजून मोडलेली नसावी.

मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून होडी निघाली. तांडेलानं काठीकडे पाहिलं आणि काही न बोलता ती बाजूला ठेवून हातात नायलॉनची दोरी दिली. टोकाला शिसं, गरीला बांगड्याचा तुकडा. लेखकानं भाकसाचा डोळा सुरू केला, पण लाटांनी विषय बदलला. ठेचा उलट्या वाटेनंही तेवढाच तिखट लागतो. मग दोरीला जबरदस्त ओढ बसली. लेखक दोन्ही पाय रोवून उभा राहिला.

‘काका, ओढू नकात. खडक गावलो तुमका.’

दुसऱ्यांदा मात्र मासा होता. तळहाताएवढा, गोल डोळ्यांचा. लेखकानं छाती फुगवली. माशानंही पोट फुगवलं, चेंडूसारखं. तो केंड होता. तांडेलानं फडक्यात धरून गरी सोडवली आणि त्याला पाण्यात टाकलं. हसला नाही, हेच जास्त लागलं.

‘भाडं घेता, मासा कुठाय?’ लेखक चिडून म्हणाला.

‘मासे कमी झाले, काका. आता माणसां धरतंव.’

त्याचे आजोबा रापण ओढायचे. सारा वाडा दोरीला लागायचा, आणि वाटा सगळ्यांना मिळायचा, म्हाताऱ्यांनासुद्धा. पुढं मोठ्या बोटींची पर्ससीन जाळी आली. त्यांच्यावर राज्य सरकारनं 2016 साली निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं 2017 साली बंदी घातली. तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो, असं तो म्हणाला आणि इंजिनाकडे वळला. अमेरिका आणि कॅनडा यांनी हॅलिबट संपू नये म्हणून 1923 सालीच करार केला होता. ही माहिती लेखकाला पाठ होती. ती सांगायला तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, मिटलं. परतेपर्यंत होडीत कुणी बोललं नाही.

संध्याकाळी मालवणच्या बंदरावर टोपलीत भाकस दिसला. दीड वीत. मावशींशी घासाघीस न करता लेखकानं तो घेतला (पत्नीला हा धक्का अजून पचलेला नाही), समुद्राकडे पाठ केली, हात कॅमेऱ्याच्या दिशेनं शक्य तितका लांब केला. फोटोत भाकस वासराएवढा आला. फोटो होमरच्या दिशेनं रवाना झाला, आणि टपरीच्या ग्रुपवरही.

उत्तर पहाटे आलं. ‘नाना, मालवणला समुद्रात बर्फ पडतो का? कल्ल्याखाली दिसतोय.’

लेखकानं मोबाइल पालथा ठेवला. थोड्या वेळानं तो पुन्हा वाजला. ‘माझ्या फोटोतला मासापण शेजारच्या माणसाचा होता. मी दिवसभर कठड्याला धरून ओकत होतो. आईला सांगू नका.’

आई मागून वाचतच होती.

‘तरीच,’ ती म्हणाली, ‘गाल बसलेले.’