काकांच्या रायफलीचा दस्ता

आमच्या घरात निवडणुकीत न चुकता भाग घेते ती काकांची पॉइंट तीन-पंधरा रायफल. आचारसंहिता लागली की ती ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर घरी येते. एरवी तिला उंबरा ओलांडायचं काही कारण नाही.

मध्य प्रदेशाची राजधानी १९५६ मध्ये भोपाळला गेली, तेव्हा नागपूरहून फायली निघाल्या आणि फायलींमागून आजोबांसारखे कारकून. नबाबांच्या गावात राहायचं तर थोडी नबाबी हवी, म्हणून आजोबांनी परवाना काढून ही ईशापूरची रायफल घेतली. तीन-शून्य-तीन हे तेव्हा फौजेचं माप. ते सामान्यांच्या हाती लागू नये म्हणून नागरिकांसाठी तीन-पंधराचं हे वेगळं काडतूस. आजोबांचा नेम जरा बसू लागला आणि १९७२ चा वन्यजीव कायदा आला. काकांना वारशात मिळाली ती सेवानिवृत्त रायफल.

काका स्वतः भेलच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. केसाच्या जाडीला ते ‘ढोबळ माप’ म्हणतात. मार्च २०२३ मध्ये नेमबाजीचा विश्वचषक भोपाळात भरला. ठाण्याचा विश्वविजेता रुद्रांक्ष पाटील आपल्या गावात येऊन नेम धरून गेला, आणि काकांना आपल्या रायफलीची लाज वाटू लागली.

“दोष नळीत नाही, दस्त्यात आहे,” त्यांनी जाहीर केलं. गोळी सुटताना नळी थरथरते. पावसाळ्यात लाकूड फुगून एका अंगाने तिला रेटू लागलं, की थरथर बदलते आणि गोळी भलतीकडे जाते.

“स्वयंपाकघराचं दार गेली कित्येक वर्षं फुगतंय,” काकी म्हणाल्या. “त्याची थरथर कधी दिसली नाही ती!”

लोखंडाला हात लावायचा तर परवानावाला कारागीर हवा, लाकडाला घरची सुतारकी पुरते, असा कायदेशीर सल्ला काकांनी स्वतःलाच दिला. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, बोल्ट काढून ठेवला आणि दिवाणखान्यात वर्तमानपत्रं पसरली. लोखंडाच्या पोटाला काकींचं काजळ फासायचं, ते लाकडात बसवायचं, उचलायचं आणि जिथे काळा डाग उमटेल तिथे पटाशीने अलगद खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा डाग. त्या आठवड्यात नातवाला तीट लावायला काजळ उरलं नाही.

पुढच्या भागावर मात्र मतभेद झाले. काकांचे मित्र, इतवाऱ्यातले एक खांसाहेब, जुन्या शिकारी घराण्यातले. ते म्हणाले, “मियाँ, नली को ज़रा सहारा चाहिए.” काही जुन्या रायफलींना टोकाशी मुद्दाम हलका दाब देत असत, हे खरंच आहे. पण काका आधुनिक मताचे. “नळीला पूर्ण स्वातंत्र्य द्यायचं, कुठेही टेकता कामा नये!”

“हे मत मुलाच्या लग्नानंतर कुठं गेलं होतं?” आतून आवाज आला. खांसाहेबांनी चहा संपवला.

मग ॲरल्डाइट. नीट बसलेल्या जागेतल्या बारीक फटीही भरायच्या, म्हणजे लोखंड हलणार नाही. पण आधी त्या लोखंडाला बुटाचं पॉलिश चोपडायचं, नाहीतर रायफल आणि दस्ता यांचं सात जन्मांचं जमून जातं. काकांनी इतकं पॉलिश लावलं की घरात आठवडाभर सैनिकी शाळेचा वास होता. सकाळी दस्ता सुटला तेव्हा त्यांनी पेढे मागवले. नळी आणि लाकूड यांच्यामधून दहाची नोट पार सरकली, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवण्यात आलं. दूधवाल्यालाही.

आता फक्त गोळी झाडून पाहणं बाकी होतं. कुठे? शूटिंग अकादमीत पदकं घडतात, काकांची तीन-पंधरा तिथे कोण घेणार? जंगलात तर प्रश्नच नाही. २०२२ मध्ये मॅनिट कॉलेजच्या आवारात वाघ शिरला होता, त्याची आठवण काढून काकींनी विचारलं, “तो पुन्हा आला तर?”

“तर मी गच्चीवरून हात जोडीन,” काका म्हणाले. “शेड्यूल एकमधला आहे तो!”

तेव्हा नेम सुधारला हे आम्ही काकांच्या चेहऱ्यावरूनच ठरवलं.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक लागली. काका रायफल मऊ दुलईत गुंडाळून ठाण्यात घेऊन गेले. तिथे त्यांनी हवालदाराला ओलावा, उभं ठेवण्याचा कोन आणि स्क्रूचा ताण यावर सविस्तर व्याख्यान दिलं. पावतीवर ‘अचूक नेमाची’ अशी नोंद व्हावी, असाही आग्रह धरला.

हवालदाराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, पेन उचललं आणि विचारलं, “साब, निशाने का खाना नहीं है इसमें. ‘लकड़ी की एक’ लिख दूँ?”