परदेश, व्हाया बऱ्हाणपूर

इंग्रजी शिकवायला परदेशी गेलेली माणसं आमच्या घरात दोन. काकांचा मुलगा हनोईला, व्हिएतनामात, आणि मी खकनारला, मध्य प्रदेशात. काकू सगळ्यांना सांगते, की दादाला पगार कोटीत मिळतो. यात खोटं काहीच नाही. आपल्या एका रुपयात सुमारे ३०० डोंग येतात, तेव्हा हनोईत भाजीवालीसुद्धा लाखांत खेळते. पण हे काकू सांगत नाही, आणि दादाच्या लग्नाचं चालू असल्यामुळे आम्हीही सांगत नाही.

माझ्या आईची पंचाईत होते. "मुलगी कुठं असते?" असं कोणी विचारलं, की "बाहेर असते, इंग्रजी शिकवते," एवढं म्हणून ती चहा टाकायला उठते. बाहेर म्हणजे अकोटहून सातपुडा ओलांडला की लगेच. पण 'लगेच' हे नकाशावर. आईच्या लहानपणी अकोटला मीटरगेज गाडीत बसलं, की धूळघाटचा तो प्रसिद्ध वळसा यायचा. डोंगर चढण्यासाठी गाडी गोल फिरून स्वतःच्याच रुळांच्या वरून जायची, आणि खिडकीतली पोरं आपण आत्ता कुठून आलो ते खाली वाकून बघायची. मग थोड्या वेळात तुकईथड, म्हणजे आमचा खकनार तालुकाच. २०१७ पासून ती गाडी बंद आहे. नवी ब्रॉडगेज मेळघाटातल्या वाघांच्या दारातून न्यायची की बाहेरून, यावर बरीच वर्षं खल झाला. वाघांची बाजू घेणारे पुष्कळ निघाले, इंग्रजीच्या मास्तरणींची घेणारं कोणी निघालं नाही. त्यामुळे धूळघाटला गाडीने घेतलेला वळसा आता मी घेते: अकोट, अकोला, भुसावळ, बऱ्हाणपूर, आणि तिथून खकनारची खासगी बस, जी भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरल्यावरही लगेच सुटत नाही.

"काहून वं, एवढं दूर जाऊन रायली," आई म्हणाली, "तिकडं आपलं कोनी हाय तरी का?"

मी तिला इतिहास सांगितला. बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या काळात अख्ख्या खानदेशाची राजधानी होती. गावाला नाव मिळालं ते खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतावरून, म्हणजे आपल्या वेरूळच्या शेजारच्या. शिवाय १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत खकनारचं सरकार नागपुरात बसायचं. दुसऱ्या दिवशी राज्यांची फेरमांडणी झाली, वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, निमाड मध्य प्रदेशातच राहिलं आणि त्याची राजधानी भोपाळला गेली. खकनार मात्र जिथल्या तिथे आहे. तेव्हा मी परदेशी गेलेली नाही, परदेशच आपल्यातून उठून गेला आहे.

आई म्हणाली, "राजधानी असती तर बस वेळेवर असती."

याला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

खकनारात मी 'मॅडमजी' झाले. शाळा खासगी, खोल्या मोजक्या, आणि माझ्या वर्गात खुर्ची नव्हती. म्हणजे होती, पण तिचा एक पाय फक्त शोभेला होता. तपासणीला कोणी येणार असलं की ती भिंतीला टेकवून ठेवत. उभं राहून राहून पोटऱ्या भरून आल्या, की मला सर टॉमस रो आठवायचा. हा माणूस इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून जहांगीरकडे निघाला होता. १६१५ च्या नोव्हेंबरात तो बऱ्हाणपुरात पोचला. तिथे शाहजादा परवेझचा दरबार होता. रोने जमिनीला डोकं टेकायला नकार दिला आणि वर बसायला खुर्ची मागितली. उत्तर आलं, की इथे कोणी कधी बसलेलं नाही. फार तर या चांदी मढवलेल्या खांबाला टेका. टेकला बिचारा. पुढे शाहजादा त्याला खासगीत भेटणार होता, पण रोने नजराण्यात दारूच्या बाटल्या दिल्या होत्या, आणि शाहजाद्याने त्या तत्परतेने संपवायला घेतल्यामुळे ती भेट राहूनच गेली. चारशे वर्षांपूर्वी या जिल्ह्यात इंग्रजी आली ती अशी, खुर्चीविना. मी कोणत्या तोंडाने तक्रार करणार? मला तर खांबही चांदीचा नव्हता.

वर्गात मी इंग्रजी वाक्य हिंदीत समजावून सांगते. माझी हिंदी अकोटची, म्हणजे क्रियापद येईपर्यंत मराठीच. पुढच्या बाकावरच्या मुली ते ऐकून निमाडीत करतात, मधले बारेलीत, आणि मागच्या बाकापर्यंत ते कोरकूत पोचतं. मग उत्तर त्याच वाटेने परत यायला निघतं. पोचतं तेव्हा कधी कधी प्रश्नच बदललेला असतो. गंमत म्हणजे मागच्या बाकावरचं पोरगं घरी कोरकू, बाजारात निमाडी, शाळेत हिंदी आणि धारणीच्या मामाशी मराठी बोलतं, आणि यात आपण काही विशेष करतो असं त्याला वाटत नाही. त्याला "तुझं इंग्रजी कच्चं आहे" असं मी कोणत्या अधिकाराने सांगायचं, हा प्रश्न मला पगाराच्या दिवशी सोडून रोज पडतो.

एकदा मी निबंध घातला: 'माय संडे'. मला वाटलं, शेळ्या, कापूस, बाजार, मोहाची झाडं येतील. आलीही. पण निम्म्या वर्गाने माझाच रविवार लिहून आणला होता. 'ऑन संडे मॅडम वॉश क्लोद्स.' 'मॅडम गो टू शॉप अँड बाय वन सोप.' 'मॅडम टॉक इन फोन अँड क्राय.' (ते रडणं नव्हतं, सर्दी होती.) एकाने तर मी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग क्रमाने दिले होते. व्याकरण सोडलं तर निरीक्षणात एकही चूक नव्हती. मी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले आणि दोरी परसदारी हलवली.

हनोईतल्या दादाला शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची सुट्टी असते. तो हा-लाँग बेच्या समुद्रातले डोंगर, तरंगते बाजार, वाफाळता फो असले फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. आमची शाळा शनिवारीही भरते. माझा वीकएंड म्हणजे रविवार, त्यातून वर सांगितलेलं धुणं वजा, पाणी भरणं वजा, आणि घरमालकीण मावशीचा "कुठं निघाली? कोणाबरोबर? कधी येशील?" हा जबाब वजा. उरलेल्या वेळात जगप्रवास. शिवाय रविवारी परतीची शेवटची बस असते की नसते, हे तिच्या चालकालाही संध्याकाळपर्यंत माहीत नसतं.

तरी मी फिरले. बऱ्हाणपुरात पहिल्यांदा उतरले, तेव्हा स्टँडवर आपली लाल एसटी उभी दिसली आणि गळ्याशी दाटून आलं. मध्य प्रदेशाने आपलं रस्ते परिवहन महामंडळ केव्हाच गुंडाळलं आहे, त्यामुळे तिकडे सरकारी बस ही आठवणीतली चीज. अकोटात असताना एसटीला मी आयुष्यात चांगलं म्हणाले नव्हते. इथे तिच्या पत्र्याला हात लावून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "ताई, चढा ना, रावेर." रावेरला माझं काहीच काम नव्हतं. पण नाही म्हणवेना. रावेरला जाऊन चहा पिऊन परत आले. व्हिसा नको, सीमेवर तपासणी नको, आणि 'ताई' अशी हाक. दादाला हे हनोईत मिळणार आहे का?

बऱ्हाणपूर बघायचं तर आधी पोटातून. मुंबईत रमजानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडवर बऱ्हाणपूरच्या नावाने जी जाड, काळपट मावा जिलेबी विकतात, तिचं हे माहेर. एक खाल्ली की पुढचा इतिहास सावकाश बघावा लागतो. शाही किल्ला, त्यातला मुमताजचा रंगीत छताचा हमाम, आणि तापीपलीकडे झैनाबादेत आहुखाना. चौदाव्या बाळंतपणात, १६३१ च्या जूनमध्ये, मुमताज इथेच गेली आणि तिला आधी इथेच पुरलं. सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल खरा इथेच व्हायचा होता, असं रिक्षावाला सांगतो. का झाला नाही, याची कारणं मात्र रिक्षागणिक वेगळी: एकाच्या मते माती भुसभुशीत, दुसऱ्याच्या मते वाळवी, तिसऱ्याच्या मते आग्र्याच्या लोकांचं राजकारण. तिसऱ्याने भाडं सगळ्यांत जास्त घेतलं, पण त्याचंच म्हणणं मला पटलं.

कुंडी भंडारा मात्र बघावाच. तोही १६१५ चाच. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, पंपाबिंपाशिवाय, नुसत्या उताराने शहरापर्यंत आणलं आहे, आणि वर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या. लिफ्टने खाली उतरून त्या पाण्यात उभं राहिलं, की डोक्यावर ऊन आहे हेच विसरायला होतं. मी फोटो टाकला. काकूने लिहिलं, "गटार का गं?" त्यानंतर मी ग्रुपवर स्थापत्याचे फोटो टाकले नाहीत.

नेपानगरला जाऊन कागदाचा कारखाना बाहेरून पाहिला. नेहरूंनी १९५६ मध्ये राष्ट्राला अर्पण केलेला, देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा. बाहेरून तो कारखान्यासारखाच दिसतो.

शिक्षकदिनाला आमच्या जिल्ह्यात फुलं देत नाहीत, केळी देतात. म्हणजे फणी नव्हे, घड. बऱ्हाणपूर म्हणजे केळीच केळी, आणि पालक मनाचे मोठे. पाच सप्टेंबरला माझ्या खोलीत तीन घड टेकले. एकटं माणूस, आणि केळी एकमेकींची वाट बघत नाहीत. पिकायची तर सगळी एका रात्रीत पिकतात. मी शिकरण केलं, धिरडी केली, भजी केली, शेजाऱ्यांना दिली. शेजाऱ्यांनी ती हसून घेतली आणि संध्याकाळी त्यांच्याकडची आणून दिली. अख्ख्या गल्लीत तीच केळी दारोदार फिरत होती. शेवटी मावशीने आपल्या बकऱ्यांना घातली. सोमवारी वर्गात एकाने हात वर करून सांगितलं, "मॅडमजी, गोट ईट युअर गिफ्ट." वाक्य जवळजवळ बरोबर होतं.

दादावर मी कुरघोडी केली ती एकदाच, पण भरभक्कम. त्याने लिहिलं होतं, "आमच्या पोरांची भाषा कसली अवघड, जगात कशाशी नातं नाही." मी कळवलं, की नातं आहे. व्हिएतनामी ही ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुळातली, आणि त्याच कुळातली पार पश्चिमेच्या टोकाची भाषा म्हणजे कोरकू, माझ्या मागच्या बाकावरची. तेव्हा तू हजारो किलोमीटर उडून जाऊन ज्या घराण्याची पोरं शिकवतोस, त्यांचे लांबचे भाऊबंद मी बसने जाऊन शिकवते. ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. मग काकांनी गुड मॉर्निंगचा गुलाब टाकला. आमच्याकडे शरणागती अशीच पत्करतात.

हे मी वर्गातही सांगितलं. फळ्यावर नकाशा काढला, खकनारपासून हनोईपर्यंत खडू ओढला. मागच्या बाकावरच्याने शांतपणे विचारलं, "तो उनको भी अंग्रेज़ी में फेल करते हैं क्या?"

हिवाळ्यात शाळेची सहल असीरगडला नेली. बऱ्हाणपूरच्या पुढे, सातपुड्यातला दांडगा किल्ला. अकबराला तो १६०१ मध्ये मिळाला, पण बऱ्याच महिन्यांच्या वेढ्यानंतर. गडावर शंकराचं देऊळ आहे, आणि अश्वत्थामा रोज पहाटे तिथे फूल वाहून जातो अशी पंचक्रोशीची श्रद्धा. कपाळावरच्या जखमेला लावायला तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे तेल मागतो म्हणतात. पोरांनी घरून तयारी करून आणली होती. प्रत्येकाच्या खिशात तेलाची पुडी किंवा बाटली. दुपारपर्यंत कोणी मागायला आलं नाही, तेव्हा त्यांनी ते एकमेकांच्या डोक्याला लावलं. परतताना बसच्या सगळ्या खिडक्या तेलकट.

गडावर इंग्रजांचं जुनं कबरस्तानही आहे. १८१९ मध्ये शिंद्यांचे किल्लेदार जसवंतराव लाड यांच्याकडून इंग्रजांनी किल्ला घेतला, तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाची शेवटची लढाई ती. त्यानंतर त्यांची फौज इथे राहिली, आणि काही जण कायमचे राहिले. पोरं गवतातून कबरी बघत हिंडत होती. मागच्या बाकावरचा एका कबरीपाशी कंबरेवर हात ठेवून उभा होता.

"मॅडमजी, ये लोग भी यहाँ अंग्रेज़ी पढ़ाने आए थे?"

मी म्हटलं, "तसंच काहीसं."

"फिर वापस क्यों नहीं गए?"

मी उत्तर जुळवत होते, एवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने तेलकट वेणी मागे टाकली आणि म्हणाली, "इतवार रहा होगा. बस नहीं मिली होगी."