टेकू देणाऱ्यांची इटली
इटलीतली गावे निवडण्याची रूढ रीत सोपी आहे: रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात पिसा. पिसाचा झुकता मनोरा पाहायचा नसतो, फोटोत त्याला टेकू द्यायचा असतो. खरा टेकू अभियंत्यांनी केव्हाच दिला: 1990 ते 2001 मनोरा बंद ठेवून, उत्तरेकडची माती पायाखालून हळूहळू उपसून. तरी हिरवळीवर हवेत तळहात धरलेली मंडळी हटत नाहीत. गर्दी आवरायला व्हेनिसने 2024 मध्ये ठरावीक दिवशी, मुक्काम न करणाऱ्यांवर 5 युरो शुल्क बसवले. जत्रेला तिकीट तेवढे लागले. पिसाहून आगगाडीने अर्ध्या तासावर लुक्का आहे. तिथल्या रुंद तटावरून सायकलने गावाला 4 किलोमीटरची प्रदक्षिणा घालता येते. तट सरळ उभा आहे. त्याला कुणाचा हात लागत नाही.